अभद्र बोलण्याचे मोल

घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, असे आमच्या लहानपणी उठता-बसता कानांवर पडे. दिवेलागणीला कोणाच्या तोंडून आजाराचे किंवा अपघाताचे नाव निघाले, की आजीचा हात पाठीत बसलाच म्हणून समजावे. बांगडी फुटली असे म्हणायचे नाही, वाढवली म्हणायचे. घराबाहेर पडणाऱ्याने 'जातो' म्हणायचे नाही, 'येतो' म्हणायचे. ह्याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. माणसाच्या आयुष्याचा भरवसा किती थोडा आहे हे ज्यांनी जवळून पाहिले होते, त्यांनीच ही भाषा घडवली. शब्दाला जपावे म्हणजे माणूसही जपला जाईल, अशी त्यांची भाबडी, पण फार प्रेमळ कल्पना होती.

विमा नावाचा व्यवहार नेमका ह्याच्या उलट आहे. पदरचे पैसे मोजायचे आणि परक्या माणसासमोर एकामागून एक सगळे अभद्र उच्चारायचे. पाय मोडला तर? हृदयाने दगा दिला तर? परमुलखात देह पडला तर तो गावी कसा आणायचा? हा शब्दच मुळी फारसीतून आलेला. तिकडे 'बीम' म्हणजे भीती. सणासुदीच्या अंकात असला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण 'ह्या वर्षी तुम्ही दोघे इकडे याच' ही बोलणी दिवाळीच्या ह्याच चार दिवसांत होतात. अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही वस्तीत आता अशी घरे आहेत, की ज्यांतले एखादे मूल इंजिनिअर होऊन पुण्याला गेले आणि तिथून पुढे अमेरिकेला नाही तर जर्मनीला. मुलीचे बाळंतपण निघते, आणि शेगाव-पंढरपूरपलीकडे फारसा प्रवास न केलेली साठी-पासष्टीची जोडपी पासपोर्ट काढतात. तिकिटे येतात, कुरडया-पापड बांधले जातात, लोणच्याची बरणी विमानात नेऊ देतात की नाही ह्यावर आठ दिवस खल होतो. आणि सर्वांत शेवटी कोणाला तरी विमा आठवतो.

मी विम्यातली जाणकार नव्हे. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण झाले नाही. मुलांना शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. परंतु ह्या एका कागदाने घरोघरी जो प्रश्न उभा केला आहे तो पैशाचा कमी आणि खऱ्या-खोट्याचा अधिक आहे, आणि तिथे माझ्यासारखीला बोलायला जागा आहे असे मला वाटते.

अकोल्याला जठारपेठेत माझे मामा-मामी राहतात. मामा एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते, आता घरी असतात. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण, न्यू जर्सीत असते. तिचे दिवस भरत आले होते. तिने कळवले की विमा मीच इकडून उतरवते, तुम्ही फक्त फॉर्म भरून त्याचा फोटो पाठवा. त्या रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले होते, म्हणून फॉर्म वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले.

"कायले पाह्यजे थो इमा?" मामा पहिल्याच ओळीला म्हणाले. "आमी का तिकडे मराले चाललो?"

"असं अभद्र नोका बोलू जी," मामी म्हणाल्या.

नाव, वय, पासपोर्टचा क्रमांक हे सारे सुरळीत झाले. पुढचा रकाना आधीपासूनच्या दुखण्यांचा होता. मामांना दहा वर्षांपासून साखर आहे, आणि दोन वर्षांपूर्वी नागपूरला त्यांच्या हृदयाच्या शिरेत जाळी बसवलेली आहे. मामांचा हात थांबला. ओळखीच्या एका एजंटाला फोन लावला, तर त्याने बेलाशक सांगितले की 'नाही'वर खूण करून टाका, कोण पाहायला येते? मला वाटले, उभा जन्म दुसऱ्याचे हिशेब चोख ठेवण्यात घालवलेल्या माणसाला खोटी खूण करणे जड जात असेल. पण कारण वेगळे होते. मामी हलक्या आवाजात म्हणाल्या, "पोरीले मालूम नाही."

जाळी बसवली ते मुलीला कळवलेलेच नव्हते. तिची नोकरी तेव्हा नवी होती, व्हिशाचे काही अडले होते, यायचे म्हटले तरी तिला येता आले नसते. उगाच परक्या देशात जिवाला घोर नको, म्हणून चार दिवस 'बाबा लग्नाला गेले आहेत' असे सांगून निभावून नेले होते. आता खरे लिहावे, तर तो कागद कंपनीच्या आधी मुलीच्याच हातात जाणार होता.

असे फक्त ह्यांच्याच घरी घडले असेल असे मुळीच नाही. मुले परदेशात असलेल्या किती घरांतून हेच चालले आहे! इकडे आईला सलाईन लावलेले असते आणि तिकडे फोनवर 'सगळं मजेत आहे' असे सांगितले जाते. मुलगाही तिकडून गेलेल्या नोकरीची गोष्ट सहा महिन्यांनी सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण अब्रूसाठी केली होती. आता ती मायेसाठी वापरतो. ही माया खोटी आहे असे कोण म्हणेल? पण जिच्यापासून आपण दुखणे लपवतो, तिच्याच घरी ते दुखणे घेऊन तीन महिने राहायला निघालो, म्हणजे ह्या मायेचा हिशेब बदलतो.

परदेशी जाणाऱ्याने आपल्या प्रकृतीचे खरे कोणाला सांगावे, हा प्रश्न तसा आजचा नव्हे. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तो काळ आठवावा. 1883 च्या फेब्रुवारीत, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजात त्यांनी व्याख्यान दिले, आणि लोक आपल्याला जे जे प्रश्न विचारतात ते एकेक घेऊन उत्तरे दिली. त्यांतला एक प्रश्न असा होता, की तिकडे तुझ्यावर संकट आले तर काय करशील? आजच्या विम्याच्या फॉर्मात दुसरे काय विचारलेले असते! आनंदीबाईंनी तो प्रश्न अभद्र म्हणून बाजूला सारला नाही. चारचौघांत, उभे राहून घेतला. त्याच एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या.

त्यांच्याजवळ विम्याचा कागद नव्हता. होत्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या एक बाई. दोघींनी एकमेकींना कधी पाहिले नव्हते, नुसता पत्रव्यवहार होता. पण त्या पत्रांतून आनंदीबाईंनी आपली प्रकृती लपवली नव्हती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून येणारा ताप, हे सारे त्यांनी कळवले होते, आणि कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधेही पाठवली होती. जिच्या घरी आपण जाणार, तिला आपण काय घेऊन येत आहोत हे ठाऊक होते. पुढची कथा मराठी वाचकाला माहीत आहे. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्या क्षयाने गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. आजही तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.

सर्वांना कार्पेंटरबाई भेटत नाहीत. म्हणून माणसांनी अनोळखी लोकांची भिशी काढली. विमा म्हणजे दुसरे काही नव्हे. फरक इतकाच, की भिशीत आपला नंबर लागावा म्हणून आपण वाट पाहतो आणि इथे तो कधीच लागू नये अशी प्रार्थना करतो. प्रवासाची ही भिशी बरीच जुनी आहे. इंग्लंडात रेल्वे नवी होती तेव्हा, 1849 च्या सुमारास, लंडनच्या एका कंपनीने स्टेशनावर तिकिटाबरोबर अपघाताचा विमा विकायला सुरुवात केली. पहिल्या वर्गाच्या उतारूला तीन पेनीत हजार पौंड, तिसऱ्या वर्गाच्या उतारूला एक पेनीत दोनशे. जिवाचीसुद्धा वर्गवारी! आपल्याकडे 2016 च्या सप्टेंबरात रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढणाऱ्याला 92 पैशांत दहा लाखांचा विमा देऊ केला, आणि मामांसारखी माणसेही त्या चौकोनात काही न बोलता खूण करू लागली. तिथे कोणाला अभद्र वाटत नाही. कारण तो चौकोन काही विचारत नाही. तुमची साखर किती, जाळी बसवली का, मुलीला सांगितले का, असे विचारणारा कागद समोर आला म्हणजेच आपल्याला वास्तुपुरुष आठवतो.

विमा काढायचाच नाही, देवावर भरवसा ठेवायचा, असे म्हणणारी माणसे मला पुष्कळ भेटली. त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण परदेशाच्या बाबतीत त्या श्रद्धेची किंमत कोण भरतो, एवढे मी त्यांना विचारते. युरोपातल्या शेंगेन देशांनी हा प्रश्न आपल्यावर ठेवलेलाच नाही. किमान 30,000 युरोचा विमा दाखवल्याशिवाय तिथला पर्यटक-व्हिसा मिळत नाही, आणि त्यात मृतदेह परत पाठवण्याचा खर्चसुद्धा धरावा लागतो. पाहुण्यांना बोलावताना यजमानाने इतके रोखठोक असावे हे आपल्याला जरा खटकते, पण त्यात फसवणूक नाही. अमेरिका मात्र फिरायला येणाऱ्यावर अशी सक्ती करत नाही. तिथे 1986 पासून कायदा असा आहे, की तातडीचा रोगी दारात आला तर पैशाचे न विचारता त्याला तपासून सावरायचे. माणुसकीचा कायदा. मात्र उपचार करावे लागतात एवढेच. बिल माफ होत नाही. ते मागाहून टपालाने येते, आणि तिथल्या इस्पितळाची चार दिवसांची बिले आपल्याकडे घर विकत घेता येईल एवढी असू शकतात.

ह्यावर काही व्यवहारी लोकांनी एक तोड शोधली आहे, आणि ती मला लग्नाच्या पंगतीत एका सद्गृहस्थांनी मोठ्या अभिमानाने सांगितली. बिल रोग्याच्या नावावर असते, मुलाच्या नव्हे. मुलाने कुठल्या कागदावर हमीची सही करायची नाही. आपण बरे झालो की विमानात बसायचे. अकोल्याला कोण वसुलीला येतो? कायद्याने ते कदाचित निभावूनही जाईल. पण ज्या डॉक्टरांनी आणि दायांनी, तू कोण, कुठला, हे न विचारता जीव वाचवला, त्यांच्या हातावर तुरी देऊन यायचे, आणि घरी येऊन सत्यनारायण घालायचा! शिवाय मुलाला त्याच गावात राहायचे आहे, त्याच इस्पितळात त्याची मुले जन्मणार आहेत. माझ्या ओळखीचा एकही मुलगा आईबापांच्या औषधपाण्याच्या वेळी सही करताना हात मागे घेईल असे मला वाटत नाही. तेव्हा विमा न काढणारा बाप स्वतःच्या जिवावर उदार होतो ही समजूत चुकीची आहे. तो मुलाच्या घरावर, मुलाच्या पुढच्या दहा वर्षांच्या पगारावर उदार होतो, आणि तेही मुलाला न विचारता.

पण काढायचा म्हटला तरी खरे लिहायचे का, हा प्रश्न उरतोच. कंपनीशी कसले आले खरे? हा सवाल वऱ्हाडात जरा जास्त जोराने विचारला जातो, आणि त्याला कारण आहे. आमच्या माणसाची विम्याशी पहिली गाठ शेतात पडली. 2016 पासूनच्या पीक विमा योजनेत उत्पन्नाची घट महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरे. मंडळाची सरासरी बरी निघाली, तर ज्याची कपाशी करपली त्याच्या हाती काही येत नसे. नाल्याच्या पुराने शेत खरडून गेले तर 72 तासांच्या आत कळवायचे होते, आणि त्या 72 तासांत रस्ता, वीज, फोन सगळे बंद. असे होरपळलेल्या माणसाला कंपनीवरची निष्ठा शिकवायला मी जाणार नाही. पण दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. 2023 मध्ये राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा सरकारी जागेवर, देवस्थानच्या जमिनीवरसुद्धा पिके दाखवून अर्ज भरले गेल्याचे उघडकीस आले, आणि 2025 मध्ये ती एक रुपयाची सोय बंद झाली. खोटे अर्ज करणारे निघून गेले. रुपया गेला तो खऱ्या कास्तकाराचा. भिशीत एकाने खोटा पैसा टाकला, की तो कंपनीच्या नव्हे, शेजारणीच्या वाट्याला येतो.

आणि खरेपणा फक्त विमा काढणाऱ्यानेच पाळायचा, असे तरी कोणी सांगितले? विम्यात परम सद्भाव पाहिजे, काही लपवता कामा नये, हे तत्त्व कंपन्या आपल्याला ऐकवतात. ते ज्या खटल्यातून रूढ झाले तो 1766 सालचा इंग्लंडातला आहे. सुमात्रा बेटावर बेंकूलन येथे इंग्रजांचा मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथल्या गव्हर्नराने, किल्ला परक्या शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी असा विमा लंडनात उतरवला. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमेवाला म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे तुम्ही लपवलेत. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनी सद्भावाचे ते तत्त्व सांगितले, ते दोन्ही पक्षांना लागू केले, आणि निकाल दिला तो गव्हर्नराच्या बाजूने. जे तुला लंडनात बसून कळण्यासारखे होते ते न विचारता तू पैसे घेतलेस, आता संकट आल्यावर अज्ञानाचे सोंग आणू नकोस, असा त्याचा भावार्थ. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हा शेवटचा भाग सहसा नसतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 6 डिसेंबर 2021 रोजी असाच एक निकाल दिला, आणि तो तर परदेश-प्रवासाच्या विम्याचाच होता. एक गृहस्थ 2009 मध्ये लग्नासाठी अमेरिकेला निघाले. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांनी आधी सांगितले होते, वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. मधुमेह्याला सर्रास देतात तशी चरबीवरची गोळी ते घेत होते ती सांगितली नाही, असे कारण काढून कंपनीने हात झटकले. जे सांगितले ते जाणून तुम्ही विमा दिलात, आता त्याच दुखण्याकडे बोट दाखवता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. निकाल न्यायाचा झाला. पण बारा वर्षे लागली. खरे लिहिणाऱ्याचे पैसे लगेच मिळतात अशी खोटी आशा मी कोणाला दाखवणार नाही. एवढे मात्र कळते, की त्या गृहस्थांना न्यायालयात उभे राहायला जी जागा मिळाली, ती त्यांनी आधी लिहिलेल्या खऱ्या शब्दाने दिली. 'नाही'वर खूण करणाऱ्याला तेवढीही जागा नसते.

हे सारे मी त्या रविवारी मामांना सांगितले नाही. मला तरी तेव्हा कुठे ठाऊक होते? मामा बराच वेळ खिडकीशी उभे होते. मग फॉर्म भरण्याआधी त्यांनी मुलीला फोन लावला. आम्हांला ऐकू येत होते ते एका बाजूचेच. "दोन वर्षं झाले," एवढे ते म्हणाले, आणि मग नुसते ऐकत राहिले. मुलगी रडली, रागावली, आठ दिवस सरळ बोलली नाही. तिचे म्हणणे असे, की बाबांनी मला बाळंतपणाला बोलवण्याजोगी मोठी समजावे, पण दुखणे सांगण्याजोगी नाही, हा कुठला न्याय? ह्याला मामांपाशी उत्तर नव्हते, आणि माझ्यापाशीही नाही.

नवव्या दिवशी तिने नागपूरचे सगळे रिपोर्ट मागवून घेतले. शोधाशोध करून असा विमा काढला, की ज्यात जुने दुखणे एकाएकी उसळले तर निदान काही मर्यादेपर्यंत खर्च मिळेल. तो महाग पडला. साखरेच्या रोजच्या गोळ्या, नेहमीची तपासणी त्यात नव्हती. म्हणून तीन महिन्यांची औषधे, वर पंधरा दिवसांची जास्त, आणि डॉक्टरच्या सहीची चिठ्ठी मामींनी पर्समध्ये घातली. फिलाडेल्फियाचा एक हृदयरोगाचा डॉक्टर मुलीने आधीच पाहून ठेवला.

मामांना तिकडे काही झाले नाही. ज्यांच्याविषयी कोणी फॉर्मात एक ओळ लिहिली नव्हती त्या मामी जानेवारीत दारासमोरच्या बर्फावर घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. विम्याच्या कार्डावरच्या क्रमांकावर जावयांनी फोन केला, कोणत्या इस्पितळात जायचे ते तिकडून कळले. ठरलेली पहिली रक्कम पदरची भरावी लागली, पुढचे कंपनीने पाहिले. एक पावती मूळ प्रत नाही म्हणून परत आली, तीन वेळा पत्रे लिहावी लागली, तेव्हा कुठे मिटले. बाळंतिणीची आई प्लास्टरमध्ये आणि बाळंतीण तिला भाकरीचा घास भरवते आहे, असा एक फोटो मामेबहिणीने मला पाठवला होता. मागे मामा बाळाला मांडीवर घेऊन बसलेले आहेत, आणि टेबलावर त्यांचा गोळ्यांचा डबा उघडा ठेवलेला दिसतो.

ह्या चैत्रात ती दोघे पुन्हा जायची आहेत. परवा मामांचा फोन आला होता. फॉर्म समोर घेऊन बसले होते. आधीपासूनच्या दुखण्यांच्या रकान्यात आता मामींचे मनगटही लिहायचे का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, लिहा.